शिडी न चढता केलेली खूण

मी, खाली सही करणारी, वय बत्तीस, अविवाहित, व्यवसाय प्रशिक्षक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना असे लिहून ठेवते की, माझ्या गेल्या वर्षीच्या मृत्युपत्रातील कलम चार खोटे आहे. त्यात मी म्हटले होते, "फोरमनकाकांच्या चुकीबद्दल मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे." ज्या चुकीला मी एवढ्या मोठेपणाने क्षमा केली, ती माझी होती. सबब ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

ताईसाठी खुलासा: मी ठणठणीत आहे. मृत्युपत्र मी दर फेब्रुवारीत नव्याने लिहिते, लोक विम्याचा हप्ता भरतात तसे. हे हातात पडताच फोन करू नये. घरात मला 'धास्ती' म्हणतात ते उगाच नाही, हे मला मान्य आहे.

कलम १. राहती जागा भाड्याची आहे. ती रिकामी करताना गॅसची नळी घरमालकांना दाखवावी. मी ती मुदतीच्या दोन महिने आधी बदलली आहे. बँकेतली शिल्लक ताईच्या मुलीला.

कलम २. दारामागची लाकडी पाटी ताईला. ती बाबांनी केली. बाबा बॉयलरवर होते आणि घरही बॉयलरसारखेच चालवत. पाटीवर चार गोष्टी आहेत: गॅस, नळ, खिडकी, इस्त्री. घराबाहेर पडताना चौघांनी एकेक बघायची. गॅस माझ्याकडे होता. खाली उतरल्यावर आई विचारायची, "बघून आलीस?" मी "बंदच असेल" म्हटले की सगळे पिशव्या खाली ठेवायचे आणि मी पुन्हा तीन मजले चढायची. एकदा यापायी मावशीकडच्या कार्याला जायची आमची गाडी सुटली आणि मावशी वर्षभर आईशी बोलली नाही. पुढे मी कारखान्यांतल्या इंजिनिअरांना धोक्यांचे विश्लेषण शिकवू लागले. काय बिघडू शकते, बिघडले तर काय होईल, आडवे यायला काय आहे. हे सगळे मी आधी त्या जिन्यावर शिकले होते. म्हणून पुढचे कलम लिहायला जास्तच लाज वाटते.

कलम ३. खरी हकीकत. तीन वर्षांपूर्वी पहिल्या तुकडीला घेऊन मी एका रसायनांच्या कारखान्यातल्या चालू रिअ‍ॅक्टरचा अभ्यास केला. रिअ‍ॅक्टरच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आतला दाब वाढला की तो आपोआप उघडतो. त्याच्या खाली हाताने फिरवायचा एक व्हॉल्व्ह होता. तो सतत उघडा हवा, नाहीतर वरचा असून नसल्यासारखा. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकाना होता: 'स्वतः पाहिले का?' वर जायला शिडी होती. जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटे होती आणि वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाइपांचा नकाशा बघितला. नकाशात तो उघडा होता. मी खूण केली. दुसरा तपासणारा म्हणून तिथल्या फोरमनकाकांनी खाली सही केली.

अकराव्या दिवशी दाब वाढला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला नाही. खालचा बंद होता; दुरुस्तीनंतर कोणीतरी तसाच ठेवला होता. पाळीवरच्या ऑपरेटरने वेळीच दुसऱ्या वाटेने वायू सोडला, म्हणून कोणाला खरचटलेही नाही. चौकशीत मला विचारले, "खूण कशावरून केली?" मी म्हणाले, "फोरमन म्हणाले, बघितलंय." ते तसे म्हणाले नव्हते. ते समोरच बसले होते आणि काही बोलले नाहीत. त्यांना कंट्रोल रूममधून काढून स्टोअरमध्ये बसवले.

याहून वाईट पुढे आहे. त्यानंतरच्या तेराही तुकड्यांना पहिल्या दिवशी मी 'एका फोरमनची गोष्ट' सांगितली. नाव कधी घेतले नाही आणि तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजत आले.

कलम ४. गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडले.

"या मॅडम. स्टोअरमधलं काही हवंय?"

मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. पाठ करून गेले होते, तरी मधेच अडकले. ते ऐकत होते, मग म्हणाले, "बस पोरी. मला माहीत आहे. त्या शिडीला आदल्या दिवशी रंग दिला होता, ओलाच होता. तुझे बूट स्वच्छ होते."

"मग चौकशीत बोलला का नाहीत, काका?"

"काय बोलू? माझेही बूट स्वच्छच होते. गुडघा दुखत होता, म्हटलं मॅडमनी बघितलं असेल. तू माझ्यावर ढकललंस, मी गुडघ्यावर ढकललं."

मला हसू आले आणि मग रडू. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाले, "स्टोअरचं काही वाटत नाही, तिथे पंखा चांगला आहे. पण माझी मुलगी तुझ्या नवव्या तुकडीत होती."

ती मला आठवली. पहिल्या रांगेत होती, भरभर लिहून घेत होती. फोरमनच्या गोष्टीनंतर चहाला उठली ती मागच्या रांगेत जाऊन बसली आणि पुढचे चार दिवस एकही प्रश्न विचारला नाही.

"घरी येऊन तिने एवढंच विचारलं, बाबा, तुम्ही खोटं बोललात? मी म्हटलं, जेव. त्यानंतर कामाचं काही ती मला विचारत नाही. आधी रोज विचारायची."

"मी तिला आत्ता फोन करते."

"फोन नको. गोष्ट वर्गात सांगितलीस, दुरुस्तही वर्गातच कर. माझा गुडघा पण घाल त्यात. उगाच मला देव करू नकोस."

त्या रात्री मी गॅस एकदाच बघितला आणि झोपले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

कलम ५. मधोमध कापलेला सेफ्टी व्हॉल्व्ह, ज्याची आतली स्प्रिंग मी सगळ्या तुकड्यांना दाखवते, फोरमनकाकांच्या मुलीला. तो काकांनीच वर्कशॉपमध्ये कापून दिला होता, हेही मी वर्गात कधी सांगितले नाही. हेल्मेट आणि विजेरी ज्याला बसेल, लागेल त्याला.

कलम ६. प्रशिक्षण विभागाच्या साहेबांना काही नाही. गोष्ट बदलायची आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "लोक जागे राहतात त्या गोष्टीने. कशाला हात लावता?" त्यांच्यासाठी स्टेपलर ठेवणार होते, पण तो त्यांचाच निघाला, परत करावा. चौकशीतला माझा जबाब खोटा होता, असे पत्र मी काल त्यांच्या टेबलावर ठेवून पोच घेतली आहे. नोकरीचे काय होईल ते होवो. तो धोका तक्त्यात मांडून झाला आहे आणि सोसण्यासारखा आहे.

कलम ७. ही दुरुस्ती माझ्या मरणावर सोडलेली नाही. पंधराव्या तुकडीला पहिल्या दिवशी मी वरील हकीकत दोघांच्या बुटांसकट सांगेन. काका येणार आहेत. त्यांच्या मुलीला मी पत्र पाठवले, तिचे एका ओळीचे उत्तर आले, "मागच्या रांगेत बसेन." तेवढे पुरे आहे.

ताईला यातून काही मिळत असल्याने ती साक्षीदार नाही. साक्षीदार खालच्या मजल्यावरचे शिंपी आणि समोरचे औषधविक्रेते. शिंपी म्हणाले, "दरवर्षी मरणाचं लिहिता, दरवर्षी चहा मात्र अर्धाच कप." यंदा पूर्ण दिला. दोघांनी चष्मे लावून मला सही करताना बघितले आणि मगच सह्या केल्या.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६

लिहून देणारी: (सही)
साक्षीदार १, शिंपी: (सही) स्वतः पाहिले: होय
साक्षीदार २, औषधविक्रेते: (सही) स्वतः पाहिले: होय

ज्या ओळीपुढे नाव आणि तारीख नाही ती ओळ लिहिलीच नाही असे धरा, हे मी वर्गात रोज सांगते. म्हणून:

कलम ७. जबाबदारी: माझी. तारीख: सोमवार, ९ मार्च २०२६, सकाळी साडेनऊ.