मेहुण्यांचे हिमनिखनन

अखिलगिरिप्रदेश-पर्यटकनिखनन-विभागाचे एकमेव व तहहयात प्रमुख, फावडेधुरंधर, हिमविवरविशारद, कटिशूलभूषण, तीन खोल्यांच्या अतिथिगृहाचे सार्वभौम अधिपती आणि तुझे सख्खे ज्येष्ठ बंधू यांजकडून,

प्रिय चिऊ,

मेहुणे एकटेच इथे येऊन दाखल झाल्याचे मी कळवले, त्यावर तुझे त्रोटक उत्तर आले: "राहू देत. पण त्यांची वकिली करू नकोस, दादा. त्यांचं काय होतं याच्याशी मला कर्तव्य नाही." आज्ञा शिरोधार्य. वकिली करणार नाही. आज दुपारी जे घडले ते घडल्या क्रमाने केवळ निवेदन करतो. आणि ज्या अर्थी तुला कर्तव्य नाही, त्या अर्थी शेवट आधी वाचण्याची तुझी बालपणापासूनची खोड आज आवरायला तुझी हरकत नसावी.

हिवाळ्यात इथे येणारी मंडळी आता नुसत्या घसरगाड्यांवर संतुष्ट होत नाहीत. कुणी गोठलेल्या धबधब्यावर कुऱ्हाडी मारत चढते, कुणी तळ्याच्या बर्फाला भोक पाडून त्यात डुबकी घेते आणि निळ्या ओठांनी फोटो काढून घेते. माझ्या वाट्याला निखनन आले. हिमलोटाखाली गाडल्या गेलेल्यांना हुडकणाऱ्या कुत्र्याला सराव हवा असतो, म्हणून हौशी पाहुण्याला बर्फातल्या विवरात निजवायचे, त्याच्या हाती वॉकीटॉकी द्यायचा आणि विवराचे मुख हवा खेळेल इतपत सैल बुजवायचे. मग कुत्रा येतो, उकरतो, पाहुणा प्रकटतो, टाळ्या. आमच्या कुत्र्याचे नाव जमादार. त्याची शिक्षिका तिशीतली, मितभाषी, मला 'काका' म्हणणारी आणि माझे एकही सामासिक वाक्य शेवटपर्यंत न ऐकणारी. जमादार आजतागायत एकदाही चुकला नव्हता.

मेहुणे आल्यापासून बोलत नव्हते. चहा घेत, आणि डोंगराकडे असे बघत बसत की जणू खुलासा डोंगरानेच करायचा आहे. आज सकाळी आपण होऊन म्हणाले, "दादा, मला पुरा." मी म्हटले, "मेहुणे, लोक याला करमणूक म्हणतात." तर म्हणाले, "मग करा की माझी करमणूक." माणसाने तोंड उघडले याचाच मला इतका हर्ष झाला की मी आढेवेढे घेतले नाहीत.

नेमकी आज माझी कंबर धरली होती. म्हणून विवर खणले ते रज्जुमार्ग चालवणाऱ्या पाळणेवाल्याने. त्याने खणले उत्तम. मेहुण्यांना आत निजवले, मुखाला बर्फाच्या लाद्या लावल्या, वर तांबडे निशाण रोवले आणि तो आपल्या पाळण्यांकडे परतला. आणि मग वारा सुटला. तो पूर्वसूचना देत नाही. ओसरला तेव्हा सारा उतार इस्त्री केलेल्या चादरीसारखा सपाट झाला होता. निशाण नाही, पाऊलखुणा नाहीत. सैल बुजवलेल्या त्या मुखावर किती बर्फ दडपला गेला असेल, हे कुणालाच सांगता येईना.

शिक्षिकेने जमादारला सोडले. त्याने नाक वर करून एक वळसा घातला, सरळ माझ्याकडे आला, माझ्या पायावर बसला आणि विजयाने भुंकला. सापडला! तिने त्याला दूर नेऊन पुन्हा सोडले. तो पुन्हा माझ्याकडे आला. तिसऱ्यांदा त्याने माझ्या छातीवर पाय ठेवले. मला हसू फुटले. तिला नाही. "काका, खड्डे रोज कोण खणतं?" म्हटले, "अस्मादिक." "कायम तुम्हीच?" "निरपवाद." तिने जमादारकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे, आणि मग मला उमगले. प्रत्येक विवरात माझा घाम, माझा श्वास, माझ्या हातांचा वास. आम्ही समजत होतो की कुत्रा गाडलेला माणूस हुडकतो. तो आजवर मलाच हुडकत आला होता. आजचे विवर माझ्या हातचे नव्हते, आणि मी साक्षात समोर उभा होतो.

इकडे वॉकीटॉकीतून मेहुणे ऐकू येत होते. त्यांच्या यंत्राची बोलायची कळ गोठून दाबलेलीच राहिली असावी. त्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द आमच्यापर्यंत, आमचा एकही त्यांच्यापर्यंत नाही. "दादा, ऐकताय ना? गंमत पुरे आता. वरचं हलत नाहीये हो." मी ओरडत होतो आणि त्यांचे चालूच, "दादा? दादा?" पाळणेवाला धापा टाकत वर आला, एका जागी बोट दाखवले, मग दुसऱ्या. "इथंच होतं हो. नाही, थांबा, तो खडक डाव्या हाताला होता." माणसे लांब काठ्या बर्फात खुपसू लागली.

मी फावडे उचलले तर शिक्षिकेने ते हिसकावून घेतले. "काका, तुम्ही इथून जा. तुम्ही दिसताय तोवर तो दुसऱ्या कुणाला शोधायचाच नाही. खाली जा, दार लावून बसा. आणि वळून बघू नका, तो मागं येईल." असा मी, विभागाचा प्रमुख, उतारावरून हद्दपार झालो. पाळणेवाल्याच्या खोलीत दार लावून बसलो. खोलीची एकमेव खिडकी उलट्या दिशेला. खणता येत नाही, बघता येत नाही, सांगता येत नाही. मेजावर तेवढा वॉकीटॉकी. जमादार बिचकू नये म्हणून वर सर्वांनी आपापले बंद केले होते. मेहुण्यांना ऐकणारा पृथ्वीतलावर मी एकटा.

थोड्या वेळाने त्यांनी मला हाका मारणे सोडले आणि ते तुझ्याशी बोलू लागले. माझ्या ऐकण्याचे ते नव्हते. यंत्र बंद करणे हाच सभ्यपणा होता. पण ते बोलत होते तोवर जिवंत होते, मग बंद कसे करू? हळूहळू शब्दांना शब्द चिकटू लागले. एक वाक्य अर्ध्यावर थांबले. पुढचे आलेच नाही. नुसती खरखर. चिऊ, तुझ्या या बंधूला, ज्याला दूधवाल्याशीही समासाशिवाय बोलता येत नाही, त्या वेळी एक शब्द सुचला नाही. मी मेजाची कड धरून बसलो होतो.

मग कशावर तरी नखे घासल्याचा आवाज आला. मोठा थोरला श्वास. धापा, कुत्र्याच्या. आणि मेहुण्यांचा घोगरा आवाज, "अरे, तोंड नको चाटू, बाबा." त्यांच्या अंगात माझा स्वेटर होता. जमादारने माणूस शोधला की स्वेटर, याचा निर्वाळा शिक्षिका अद्याप देत नाही. डॉक्टर येऊन गेले. बोटे शाबूत आहेत.

आता हे पत्र कशासाठी, ते. कुणी ऐकले हे मेहुण्यांना ठाऊक नाही, आणि मी सांगितलेले नाही. तुझ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ते तुला सोडून कचेरीतल्या हिशेबतपासणीला गेले, असे तू समजतेस. त्यांनीच तसे सांगितले. ते गेले नव्हते. दिवसभर इस्पितळाच्या जिन्यात बसले होते. दोनदा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आले, काचेतून त्या नळ्या पाहिल्या आणि मागे फिरले. "भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा निर्दयी म्हणवून घेणं सोपं वाटलं गं," असे ते बर्फाला सांगत होते. दुसऱ्या खेपेला दार किंचित उघडे होते, आणि शुद्धीवर येताना तू परिचारिकेला "गॅस बंद केलाय ना?" असे विचारलेस, ते त्यांनी ऐकले म्हणे. हे मला ठाऊक नव्हते. तू तसे विचारले होतेस की नाही, हे त्या खोलीत असलेल्यांखेरीज कुणाला ठाऊक असणार? वकिली करणार नाही म्हटले होते. ही साक्ष आहे. निवाडा तुझ्याकडे.

तुझाच,
उतारावर प्रवेशास मनाई असलेला
दादा

ता. क. डॉक्टर गेल्यापासून मेहुणे न्हाणीघरात आहेत. गरम पाण्याची टाकी एका माणसापुरती आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. माझे मोजे अजून ओले आहेत. दार वाजवले की "झालंच, दादा" म्हणतात आणि नळ आणखी मोठा सोडतात.