शेवटच्या सुराआधी

मनोऱ्याखालची खोली,
६ जानेवारी

ती. आत्यास,
चिमणीचा सा. न. वि. वि.

शेवटच्या सुराआधी घाई करायची नाही, कुणीतरी यायचं असतं, असं बाबा मला फार वर्षांपूर्वी म्हणाले होते. मी तेव्हा त्यांच्या बाकड्याखाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होते. आज सकाळपासून तेच वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून तुला लिहायला बसले.

बातमी मोठी आहे, पण आधी थोडा भाव खाऊ दे. मनोऱ्याची डागडुजी संपत आली. दगड असे लख्ख धुतलेत की आई म्हणते, हा आपला म्हातारा नव्हेच, कुणी नवा जावई उभा आहे. जहाजातून उतरलेले पाहुणे आधी वाद्यांचं संग्रहालय बघतात, मग जुनं नाट्यगृह, मग खलाशी जिथे गायचे तो धक्का. आणि दुपारी बाराला सगळे आमच्या चौकात माना वर करून उभे. त्यांना माहिती सांगणारी कोण, तर मी! घंटांची धून संपता संपता, शेवटच्या सुराआधी, क्षणभर थांबते. तो थांबा समुद्रावरून न परतलेल्या खलाशांसाठी आहे, असं मी सांगते तेव्हा चांगले धट्टेकट्टे पुरुष चष्मे पुसायला लागतात.

आता बातमी. बाबा गेल्यापासून घंटा यंत्रच वाजवतंय, त्यांच्याच वाजवण्यावर बेतलेलं. समितीने ते काढून पुन्हा माणूस नेमायचं ठरवलंय आणि मी अर्ज केलाय. बाबांच्या जागेसाठी, आत्या! पुढच्या महिन्यात परीक्षा. घ्यायला बाहेरगावचे एक मोठे वादक येणार आहेत. त्यांनी आधीच कळवलंय की लिहिलेल्या धुनेत असा थांबा कुठेच नाही, तेव्हा तो गाळावा.

दुसरं दुखणं माझं स्वतःचं. दांड्यांपासून घंटांपर्यंत गेलेल्या तारा सोडवून मला सराव करू देतात, म्हणजे दांड्यावर मूठ मारली तरी आवाज होत नाही. पण थोरल्या घंटेचा दांडा बाकड्याच्या पार डाव्या टोकाला. बाबा ताडमाड, ते जागचे न हलता त्यावर मूठ मारायचे. माझा हात पोहोचतच नाही. उंचीत मी तुझ्यावर गेले, ते आता भोवतंय. काय करू सांग. तुझे गुडघे कसे आहेत?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
चिमणी


१५ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला, आणि रागही आला. उंचीचं खापर माझ्या माथी फोडलंस होय? तुझ्या या बुटक्या आत्याने आयुष्यात वरच्या फळीवरचा एकही डबा दुसऱ्याला काढायला सांगितला नाही. गुडघे आहेत जागेवर. जिना बघितला की कुरकुरतात, एवढंच. समुद्र इथून लांब, म्हणून हवा कोरडी. कोरडी हवा सांध्यांना चांगली, असं डॉक्टर म्हणतात आणि सांधे ऐकत नाहीत.

आता नीट लक्ष दे. हात ताणू नकोस. ताणलास की मूठ तिरकी बसते आणि थोरली बोलायच्या ऐवजी खाकरते. चपला काढून बस. आधीचा सूर मारला की उजव्या टाचेने रेटा दे आणि बाकड्यावरून सरळ सरक. बाकडं मध्ये थोडं खोलगट आहे, तिथे अडशील, म्हणून खरखरीत कापड घालू नकोस. मूठ उचलायची ती सरकून झाल्यावर, सरकताना नाही. आणि करंगळीच्या बाजूला फडकं गुंडाळ, त्या दांड्याला खालून एक कंगोरा आहे, तो सालटं काढतो.

हे मला कसं ठाऊक, ते विचारत बसू नकोस. भावाचं सगळं बहिणीला ठाऊक असतं. परीक्षकांचं म्हणशील तर मोठी माणसं म्हणतात तसं करावं. थांबा गेला म्हणून मनोरा पडत नाही. तुला जागा मिळणं महत्त्वाचं.

वहिनीला सांग, आता तरी पाठीला शेक घे.
तुझं भलं चिंतणारी,
आत्या


मनोऱ्याखालची खोली,
२४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल दुपारी मी वर सरावाला बसले होते. बारा वाजले आणि डोक्यावर यंत्राने धून सुरू केली. मला लहर आली, मीही खाली मुक्या दांड्यांवर तिच्याबरोबर वाजवू लागले. शेवटी तू सांगितलंस तशी टाचेने रेटा देऊन सरकले, मग मूठ उचलली आणि मारली. त्याच क्षणी वर थोरली बोलली. माझी मूठ आणि तिचा आवाज एकदम! मला वाटलं योगायोग. आज पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

आत्या, तो थांबा म्हणजे एका बुटक्या बाईला बाकड्यावरून सरकायला लागणारा वेळ आहे. कमी नाही की जास्त नाही. बाबांना तर सरकायची गरजच नव्हती. आणि त्या कंगोऱ्याचं म्हणशील, तर तो खालून आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भावाचं सगळं बहिणीला ठाऊक असेल, पण भावाच्या दांड्याने बहिणीची करंगळी कशी सोलली?

आईला विचारलं. ती चादरीच्या घड्या घालत होती, त्या घालतच राहिली. म्हणाली, मी तोंड उघडलं तर या वयात नणंदेचा जाच सोसावा लागेल, तुझं तूच विचार. आणि मग हसत सुटली.

तेव्हा विचारते. खरं ते लिही. रोज शेकडो माणसांना मी खलाशांची गोष्ट सांगते, निदान मला तरी खरं कळू दे.

रागावू नकोस, रागावलीस तरी उत्तर पाठव.
तुझी,
चिमणी


३१ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तू माझ्या दादाचीच लेक. त्यालाही कान होते.

ऐक तर. तू जन्मायच्या आधीची गोष्ट. दादा शिडीवरून पडला आणि त्याचा खांदा मोडला. घंटा वाजल्या नाहीत तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर मनोऱ्याखालची खोलीही. वर बाईने चढायचं नाही असा तेव्हाचा नियम. मी लहानपणापासून त्याच्या शेजारी बसून धून शिकलेली होते, पण ती गंमत म्हणून. त्याचा कोट घातला, कॉलर वर केली आणि गेले. कोट माझ्या घोट्यापर्यंत. वहिनी म्हणाली होती, कुणी पाहिलं तर वाटेल कोटच जिना चढतोय.

तो सगळा हिवाळा मी वाजवलं. एकदाही चुकले नाही, हे आज प्रथमच कागदावर लिहिते आहे आणि लिहिताना मान ताठ होते आहे. फक्त शेवटचा सूर मला उशिरा मिळायचा. सरकावं लागायचं ना!

दादा बरा झाला, वर गेला. पहिल्या दिवशी धून सलग वाजली, लिहिली आहे तशी. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं, झालं, आपलं तिथे होतं नव्हतं ते पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी मात्र शेवटच्या सुराआधी घंटा थांबल्या. माझ्याएवढ्याच. दादा जेवायला आला तेव्हा मी विचारलं. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, चौकातल्या हमालांनी तक्रार केली, त्यांना थांब्याची सवय झालीय. मी भांडी विसळली आणि तडक चौकात जाऊन हमालांच्या मुकादमाला गाठलं. तो म्हणाला, कसली तक्रार, ताई? आम्ही कधी काही म्हटलंच नाही.

दादाला मी हे कधी सांगितलं नाही. आणि तो ताडमाड माणूस, दांड्यावर हात टेकवलेला असून, शेवटपर्यंत रोज माझ्या सरकण्याएवढा थांबत राहिला. लग्न होऊन मी तिथून निघाले, त्या दिवशी गाडीत बसतानाही ऐकलं.

खलाशांची गोष्ट कुणी जोडली देव जाणे. पण ती तशीच राहू दे. ज्यांची माणसं परतली नाहीत त्यांनी त्या थांब्यात आपलं माणूस बसवलंय, त्यांना उठवून मी कशाला बसू? माझं नाव काढशील तर खबरदार. आणि माझ्यासाठी परीक्षा घालवू नकोस. सलग वाजव.

जेवण वेळेवर घे. कळावे.
आत्या


मनोऱ्याखालची खोली,
१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. थांबले.

परीक्षक म्हणाले होते, वर गर्दी नको, मी खाली चौकात उभा राहून ऐकतो. मी चपला काढल्या, फडकं गुंडाळलं आणि वाजवायला लागले. तारा जोडलेल्या होत्या, आत्या, माझ्या मुठीने पहिल्यांदाच सगळं बंदर भरून गेलं. शेवट जवळ आला. हात आणखी ताणला असता तर कदाचित जमलं असतं. नाही ताणला. टाचेने रेटा दिला, सरकले, मग मूठ उचलली.

बराच वेळ कुणी वर येईना. मग जिन्यात धापा ऐकू आल्या. परीक्षकांनी आधी विचारलं, माझी सूचना मिळाली नव्हती का? मी म्हटलं, मिळाली होती, पण माझा हात आखूड आहे. खोटं नव्हतं ना? त्यांनी दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, सुताराला सांगून बाकडं डावीकडे घेता येईल. मी नको म्हटलं. तेव्हा ते त्याच बाकड्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले की मघाशी खाली एका हमालाने हातगाडी उभी केली, तिकीटवालीचा हात सुट्ट्या पैशांवर तसाच राहिला, आणि हा थांबा गाळायला आलेला मी, माझाही श्वास अडकला. लिहिलेल्या धुनेत थांबा नसेल तर तो आता लिहायला हवा. खिशातून पेन काढून त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला.

जागा मला मिळाली! आईने गल्लीत एकही दार सोडलं नाही. मुलगी बाबांवर गेली, असं सगळ्यांना सांगते आणि मग माझ्याकडे बघून डोळा मारते. तुझं नाव मी कुठे काढत नाही. फक्त खलाशांची गोष्ट सांगताना हल्ली माझाच आवाज कापतो, आणि पाहुण्यांना वाटतं खलाशांसाठीच.

यंत्र काढून झालं. पुढच्या महिन्यात उद्घाटन.

दुरूनही पाठीवर हात असू दे.
तुझीच,
चिमणी

ता. क. उद्घाटनाला ये. जिन्याला आता कठडा बसवलाय आणि दर वळणावर बसायला जागा आहे. बाकडं दोन बुटक्या बायकांना पुरेल एवढं लांब आहे. सगळे सूर मी वाजवते, शेवटचा तेवढा तू. तू आधीपासूनच डाव्या टोकाला बसायचं, म्हणजे सरकायलाही नको. दांड्यावर हात टेकवून नुसतं थांबायचं, बाबा थांबायचे तसं. तू गुडघे पुढे करशील, लोक काय म्हणतील म्हणशील आणि शेवटी नाहीच म्हणशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी विचारते. येशील? मी घाई करणार नाही.