पत्ते कोण पिसणार

मी, खाली सही करणारा, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कुणी भरीस घातलेले नाही. डॉक्टरांनी माझ्या हृदयाविषयी जे सांगितले ते मला नीट समजले आहे, म्हणून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलीला द्यावी. घर विकायचे असल्यास खुशाल विकावे. फक्त खिडकीखालचे बाकडे मोडीत काढू नये. जिना चढून आल्यावर तिची आई तिथे टेकत असे.

२. हत्यारे शाळेला द्यावीत. पटाशांना धार लावलेली आहे. करवत शेजाऱ्यांकडे आहे. "उद्या आणून देतो" म्हणून नेली, त्याला काही वर्षे झाली. ती त्यांनाच राहू द्यावी, पण मी विसरलो नव्हतो एवढे कळवावे.

३. पत्ते उभे करायचे लाकडी स्टँड डायलिसिस विभागाला द्यावेत. ते का केले, हे मुलीलाही पूर्ण माहीत नाही, म्हणून लिहितो.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर माझ्या पत्नीला दर मंगळवारी आणि शुक्रवारी मशीनवर पडून राहावे लागे. सुरुवातीला ती घरात बोलेनाशी झाली. आरशावर तिने टॉवेल टाकला होता. रक्ताचे आकडे सुधारत होते, ती सुधारत नव्हती. एकदा शेजारच्या पलंगावरचे ड्रायव्हर म्हणाले, "वहिनी, बदाम सात खेळता का?"

"एका हातानं? दुसरा तर सुयांना जुंपलाय."

किती महिन्यांनी तिने कुणाला उलट उत्तर दिले होते! घरी येताच मी लाकडाच्या पट्टीला खाच पाडली. पत्ते तिच्यात उभे राहतात, हात एकच पुरतो. असे चार केले, चार पलंगांवरच्या चौघांसाठी: ती, ड्रायव्हर, एक हेडबाई आणि एक शिंपी. सिस्टर म्हणाल्या, "हा वॉर्ड आहे, अड्डा नाही." पुढे त्याच येता-जाता विचारू लागल्या, "कोण जिंकलं?"

पत्नी किलवर सत्ती दाबून बसायची. शिंपी वैतागायचे, "सोडा की हो ताई!"

"डॉक्टरांनी माझं पाणी अडवलंय, मी तुमचं किलवर अडवते."

सोमवारी आणि गुरुवारी ती कपड्यांना इस्त्री करू लागली. टॉवेल कधी निघाला ते माझ्या लक्षात आले नाही.

४. एका हाताने पत्ते पिसता येत नाहीत. ते काम माझे. ती गेल्यावरही मी जातो. तिच्या पलंगावर आता एक नवीन बाई आहेत. त्या भिंतीकडे तोंड करून असतात. गेल्या शुक्रवारी मात्र त्यांनी ड्रायव्हरची पत्त्यांतली चोरी पकडली. आता खेळ बंद पडून चालणार नाही.

म्हणून पत्त्यांचा कॅट आणि पलंगांमधले माझे स्टूल मी मेहुण्याला देतो. तो विभागात एकदाच आला. "भाऊजी, ताईला मशीनला बांधून काय मिळवलंत?" असे दारातूनच म्हणून गेला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. उत्तर त्याला त्या स्टुलावर बसल्यावर मिळेल. ती शेवटपर्यंत म्हणायची, "येईल तो. पिसावं तर त्यानंच. लहानपणी आम्ही त्याच्या हातांकडे बघत बसायचो."

अट घालायचा माझा विचार होता. असल्या अटी टिकत नाहीत, असे वकील म्हणाले. म्हणून ही विनंती आहे. रागावून का होईना, त्याने यावे.

कॅटमध्ये किलवर सत्ती सापडणार नाही. तिच्या जागी जोकर आहे, त्यावर पेनाने तसे लिहिले आहे. शेवटच्या मंगळवारी सत्ती पत्नीच्या स्टँडवर होती, ती मी तिच्याबरोबर दिली. तिने ती दुसऱ्या कुणाला सोडली नसती.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे.

(सही)

आमच्या दोघांसमोर सही झाली:
१. सिस्टर, डायलिसिस विभाग (साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून नुसते आभार)
२. शेजारी (त्याच कारणाने करवत परत करावी लागेल)

ठिकाण: राहते घर, खिडकीखालचे बाकडे
दिवस: मंगळवार, पत्ते पिसून परतल्यावर