जेलचा न कापलेला कोपरा

३ जून २००३
भाताच्या आठही नमुन्यांचे रिपोर्ट गेले. फक्त नं. २ नापास. पादरा गावचे रसिकभाई, बियाण्यासाठी सुवासिक भात पिकवतात. जेलच्या पारदर्शक वडीत उमटलेल्या डीएनएच्या पट्ट्या मूळ जातीशी जुळत नाहीत, म्हणजे भेसळ. सर खूश. मीही.

५ जून
रसिकभाई लॅबमध्ये आले. भांडले नाहीत, तेच जड गेलं. आता त्यांचं बियाणं कोण घेणार? रुमालातले मूठभर तांदूळ टेबलावर ठेवले. "बेन, एक वार सूंघी तो जुओ." मी म्हटलं, वासावर रिपोर्ट बदलत नाही. काय तोरा माझा.

६ जून
तेच तांदूळ घरी आणले होते, आईने शिजवले. वास थेट जिन्यापर्यंत. "यात कसली गं भेसळ?"

७ जून
जेलचा जुना फोटो पुन्हा बाहेर काढून पाहिला. जेलचा कोपरा कापलेलाच नाही. ओतल्यावर एक कोपरा कापायचा, म्हणजे उलटं-सुलटं कळतं. नव्या मुलींना हे मीच पहिल्या दिवशी शिकवते. त्या दिवशी घाई होती आणि... मापाच्या पट्ट्या दोन्ही कडांना सारख्याच. फोटो काढताना जेल दिव्यावर पालथं पडलं असेल तर २ च्या जागी ७, ७ च्या जागी २. बाकी सगळे शुद्ध, त्यामुळे काही खटकलंच नाही.

९ जून
सगळे नमुने नव्या जेलवर पुन्हा तपासले. आधी कोपरा कापला. रसिकभाई शुद्ध, भेसळ नं. ७ मध्ये. सरांनी फोटो बराच वेळ पाहिला. "पुढच्या वर्षी परत तपासू. आत्ता नाव जाईल." कुणाचं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

११ जून
नं. ७ ची पोती माझ्या रिपोर्टवर विकली जातायत. पेरणी तोंडावर. दुरुस्तीचं पत्र लिहिलं. 'तांत्रिक चूक' खोडून 'माझी चूक' केलं. सरांची सही नाही, माझी आहे.

१२ जून, पादरा
पत्र घेऊन रसिकभाईंच्या घरी गेले. ते नव्हते. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, चहा ठेवला. म्हणाल्या, बियाण्याची पोती भरडून तांदूळ करायला गिरणीत घेऊन गेलेत. पेरायला कोणी घेणार नाही, निदान खायला तरी होतील. राग नाहीच. "बेन भणेलां छे. भूल आपणी ज हशे." मी शिकलेली, म्हणून चूक त्यांचीच असणार!
चहा न घेताच निघाले. आता गिरणीबाहेरच्या बाकावर आहे. आत जायचं सोडून वही उघडून बसलेय. यंत्र चालू आहे. कुणाची पोती, ते इथून दिसत नाही.