टाकीच्या तळाशी हळकुंड

सदर, नागपूर
२२ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप सिंधूआत्यास शालिकरामचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? घरी भैय्याजींचा खोकला उतरला का? (विडी सुटल्याशिवाय नुसती औषधाची बाटली बदलून उपयोग नाही. पण हे मी म्हटले असे त्यांना सांगू नका.) मला काही हवे आहे म्हणून हे पत्र नाही. अन्न गोड लागत नाही आणि इथे बोलायला कोणी नाही, एवढेच कारण.

माझे संशोधन कशाचे हे तुम्ही मागे विचारले होते. मी ‘गॅसचे’ म्हणालो, तर तुम्ही शेगडीची किंमत विचारलीत. तेव्हा नीट सांगतो. आमच्याकडे काचेचा एक उंच नळा आहे. त्याच्या आतल्या अंगाने कॉस्टिक सोड्याचे पाणी पातळ थराने खाली उतरते आणि मधून कार्बन डायऑक्साइड वर जातो. (सोडावॉटरमधला तोच.) साध्या पाण्याचे पोट या गॅसने लगेच भरते. कॉस्टिकचे तसे नाही. गॅस आत शिरला रे शिरला की कॉस्टिक त्याला धरून त्याचा कार्बोनेट करून टाकतो, त्यामुळे आत जागा रिकामीच राहते आणि पाणी गॅस पीतच जाते. वाढणारा वळायच्या आत पान साफ करणारे आपले धोंडबाकाका आठवा. थर किती जाड, गॅस किती वेगाने शिरतो, कॉस्टिक त्याला किती चपळाईने पकडतो, हे समीकरणात मांडून एकूण किती गॅस गडप होईल ते आधीच सांगायचे, हे माझे काम.

खंडेनवमीला तुम्ही आला होतात. ‘काहून गा शालिक, भैय्याजी शेतातल्या वखराले हळदकुंकू लावते, अन् तुह्या यंत्राले कोणीच पुसत नाही?’ म्हणून तुम्ही पूजेचे ताट घेऊन थेट प्रयोगशाळेत शिरलात. आमचे डॉ. मधुकरराव देवतळे सर (माझे मार्गदर्शक) स्वतः नारळ फोडायला उभे राहिले आणि तुमच्या करंज्यांवर बेहद्द खूश झाले. मीही करंज्यांतच गुंतलो होतो. नजर तुमच्या हाताकडे हवी होती.

त्यानंतर आकडे फिरले. नळ्यातून उतरलेल्या पाण्यात एका औषधाचे थेंब टाकले की ते गुलाबी होते. तो रंग जाईपर्यंत ॲसिड टाकायचे, जितके लागेल तितका कॉस्टिक शिल्लक. पण रंग जाता जाईना. मी ॲसिड ओतत राहिलो, कॉस्टिक भरपूर शिल्लक दिसू लागला, म्हणजे गॅस समीकरणापेक्षा फारच कमी प्यायला गेला. पाणी मुळातच तांबूस दिसे, तो मी कॉस्टिक साठवायच्या लोखंडी टाकीचा गंज समजलो.

सर एप्रिलमध्ये निवृत्त होतात. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या नावाची समीकरणे शिकवली. ते आनंदून म्हणाले, ‘शालिकराम, प्रयोग नाही चुकून राहिला बाबू, समीकरणातच काही कमी आहे!’ आणि ते कमी भरून काढायला त्यांनी एक आकडा बसवला. त्याचे नाव ‘देवतळे गुणांक’. माझ्या प्रबंधात त्यावर एक अख्खे प्रकरण आहे. कुसुमताईंनी (सरांच्या मिसेस) पेढे वाटले.

आता पुण्याचे परीक्षक येत्या गुरुवारी येणार आणि प्रयोग डोळ्यांनी पाहणार. म्हणून काल टाकी घासायला घेतली. तळाशी लाल दोऱ्यात बांधलेले तुमचे हळकुंड निघाले!

आत्या, कॉस्टिकमध्ये हळद लाल होते. धुताना साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो ना, तसाच. औषधाचा गुलाबी रंग जायचा तेव्हा जात होता, मागे तुमची हळद रेंगाळत होती, आणि तिला घालवायला मी ॲसिड ओतत होतो. स्वच्छ टाकीने पुन्हा प्रयोग केला. आकडा समीकरणाशी तंतोतंत जुळला. माझे गणित पहिल्यापासून बरोबर होते, हे कळले आणि मी डोके धरून खाली बसलो.

सांगायला सरांच्या घरी गेलो. कुसुमताई त्यांच्या कोटाला इस्त्री करत होत्या, सर गुणगुणत होते. मी म्हणालो, ‘सर, टाकी घासली.’ ते म्हणाले, ‘शाबास!’ मी चहा पिऊन परत आलो. मला फार भीती वाटते. न सांगावे तर गुरुवारी गुणांक सापडणार नाही आणि परीक्षकांसमोर दोघांचीही अब्रू जाईल. सांगावे तर त्यांचे नाव माझ्याच हाताने पुसायचे.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही माझे भले व्हावे म्हणूनच ते टाकलेत.

तुमचा घाबरलेला भाचा,
शालिकराम

ता. क. – मला काही नको असे वर लिहिले आहे, ते खोडत नाही. पण बुधवारी पहिल्या बसने निघून याच. सरांना तुम्हीच सांगा. तुमच्या करंज्या त्यांना अजून आठवतात, तुमच्यावर ते रागावणार नाहीत. गुडघा दुखत असेल तर भैय्याजींना सोबत घ्या.

आणखी एक – येताना करंज्या आणा. आणि तुमच्या पूजेच्या डब्यातले तसलेच एक हळकुंड, लाल दोऱ्यात बांधून. सरांचा चेहरा पाहून तुमचाही धीर सुटला, तर गुरुवारी टाकीत टाकायला लागेल.