तरवडाचं अंगण कोणाच्या नावे

रेणुकादास, गुडघा कसा आहे? शाळेचा जिना चढताना कठडा धरतोस ना? इंदू, साखर तपासलीस, का चहाबरोबर बिस्किटं चालूच आहेत? उज्वला, हिमायतनगरला थंडी पडली असेल, दमा बरा आहे ना? श्रद्धा, डोकं अजून दुखतं का? चष्मा लावत जा.

वकील भीमाशंकर म्हणाला, "मावशी, मृत्युपत्रात ख्यालीखुशाली विचारत नसतात." पण वाचणार तुम्हीच. विचारल्याशिवाय कसं लिहू?

मी साखराबाई शेषेराव बोळेगावे, वय चौऱ्याहत्तर, राहणार लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. कोणी धाक घातला नाही, काही पाजलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. पाय नाहीत, दोन ओळी लिहिल्या की उठून अंगण बघून येते. येत्या सतरा तारखेला, सोमवारी, सोलापूरला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. म्हणून ही घाई.

एक. घर माझ्या नावचं आहे. ते मुलगा रेणुकादास आणि मुलगी उज्वला यांना निम्मं निम्मं. बँकेत जे उरेल तेही तसंच. कोण वरच्या खोलीत आणि कोण खालच्या, यावरून भांडू नका. वरची उन्हाळ्यात तापते, एवढंच सांगून ठेवते.

दोन. माझी सोन्याची पोत सून इंदूला. मी तुला पहिल्या दिवाळीला स्वयंपाकावरून बोलले होते. ते मी मागे घेते. भाजी खारट होती, ते मात्र मागे घेत नाही.

तीन. पितळी घागर शेजारच्या सिद्धम्माला. रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात तिने स्वतःच्या वाट्यातली एक घागर रोज आमच्या उंबऱ्यावर ठेवली. कधी बोलून दाखवलं नाही.

चार. आता अंगण. उठून आले, परत बसले.

दारासमोरची तीस बाय चाळीस फूट जागा. श्रद्धा, तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. तुझे आजोबा बंगलेवाल्यांना लॉन लावून द्यायचे, मी तण निंदायला जायचे. बियाण्याच्या पुड्यांवरचं वाचत वाचतच मी अक्षरं शिकले. आपल्या दारातलं लॉन त्यांचा नमुना होता. गिऱ्हाईक आलं की चपला काढून चालायला लावायचे. त्या लॉनला उन्हाळ्यात रोज तीन पिंपं पाणी लागायचं. शहर घागरीसाठी रांगेत, आणि आम्ही बोअरचं शेवटचं पाणी गवताला पाजतोय. सिद्धम्मा घागर ठेवून जायची तेव्हा तिचे पाय त्याच ओल्या गवतावरून जायचे. मला मान वर करवेना.

ते किनवटला पुतण्याच्या लग्नाला चार दिवस गेले. मी खुरपं घेतलं आणि सगळं लॉन उपटलं. ते परत आले, बघितलं, आणि माझ्याशी बोलणं बंद.

माझी चूकही लिहिते. मोबाइलवर परदेशातलं वाळवंटातलं अंगण बघितलं आणि तसंच करायला गेले. खाली मेणकापड, वर काळी खडी. लातूरचं एप्रिलचं ऊन विसरले. अकराव्या दिवशी त्यांनी दुपारी बाहेर पाय टाकला आणि ओरडले, "साखरा, अंगण केलं का भाकरीचा तवा?" अकरा दिवसांतलं पहिलं वाक्य. मी हसले, तेही हसले. मग त्यांनीच मेणकापड ओढून काढलं, तुरीचं भुसकट पसरलं, आणि पावसाळ्यात आम्ही दोघांनी तरवड, आपटा, बोर, कोरफड लावली, मधे मारवेल गवताचे ठोंब. आता ते नाहीत, पण मूळ धरलेल्या झाडांना वरून पाणी लागत नाही. श्रावणात तरवड पिवळा झाला की रस्त्यावरचे लोक थांबतात.

यंदा श्रद्धाची सोयरीक जमली. साखरपुडा याच अंगणात, डिसेंबरात. रेणुकादासचा फोन आला, "आई, लॉनचे रोल सांगून ठेवलेत. चार दिवसांचं काम हाय."

"आणि झाडं?"

"काढावी लागतील. पाहुण्यांना काट्यात बसवू का? दारात बोर असली की घरात भांडण लागतं म्हणतात लोक."

"भांडण तर बोर लावायच्या आधीपासून हाय आपल्यात," मी म्हणाले.

तो हसला नाही. "आई, तू काय करून राहिलीस? पोरीचा दिवस हाय."

भीमाशंकरला म्हटलं, अट घाल, अंगणातलं एक झाड काढायचं नाही. तो म्हणतो, "मावशी, अशी अट कोर्टात टिकणार न्हाई."

"टिकायचं मला सांगू नको, मी तरवड लावलाय."

तरी तीन रात्री विचार केला. ह्यांचं लॉन मी त्यांना न विचारता उपटलं. रेणुकादास माझी झाडं मला न विचारता काढतोय. आणि जिच्यासाठी हे सगळं, त्या श्रद्धाला आम्ही दोघांनीही विचारलेलं नाही.

म्हणून, समोरचं अंगण माझी नात श्रद्धा रेणुकादास बोळेगावे हिला. घरात जायची वाट सगळ्यांची राहील. अट काही नाही. मी असेपर्यंत एकही रोल दारात येणार नाही. नंतर तिची मर्जी.

हे लिहिताना अक्षर बिघडलं. भीमाशंकरने विचारलं, खोडायचं का? नाही म्हटलं.

ठिकाण : लातूर
दिनांक : ८ नोव्हेंबर २०२५
सही : साखराबाई शेषेराव बोळेगावे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली :
१. मलप्पा, ह्यांच्याबरोबर लॉनच्या कामाला असायचे
२. शिवगंगा, निवृत्त परिचारिका, मागच्या गल्लीतल्या

सह्या झाल्यावर माझ्या हाताने चार ओळी. श्रद्धा, याची एक प्रत तुला पाठवते. तुझ्या साखरपुड्याला अंगणात काय हवं ते तूच लिही. फोन करू नको, मागून बाप बोलतो. लॉन हवं असलं तरी लॉनच लिही, वरचं रोलचं वाक्य तुझ्या बापासाठी आहे. मी रागावणार नाही. रागावले तरी कळवणार नाही. पण सतरा तारखेच्या आत लिही, बाई. सोलापूरला जाताना मला ते सोबत न्यायचंय.