विषाणूचा आहेर

हातकणंगले,
मे २००४

चि. संघप्रिया हिस,

तुझा चुलता भाऊसो याचा सप्रेम जयभीम. पुण्यात ऊन कसं आहे, मेसमधली आमटी सुधारली का आणि तू वेळेवर झोपतेस का, हे आधी विचार, असा तुझ्या आईचा हुकूम आहे, म्हणून विचारून मोकळा होतो. इकडे सगळे खुशाल आहेत, माझा गुडघा सोडून.

प्रबंध पुरा होईपर्यंत कुठलंही स्थळ आलं तर तुम्हीच परतवा, असं तू मला फोनवर बजावलं होतंस. (बाप म्हणून दादासमोर बोलायची तुला भीती वाटते आणि भाऊ म्हणून मला वाटत नाही, हा तुझा गैरसमज आहे.) तर रविवारी हुपरीचे पाहुणे आले. मुलगा प्रसेनजीत, वीजमंडळात नोकरीला, आणि त्याचे वडील आकाराम. तू पुण्यात, त्यामुळे हे नुसतं घर बघणं होतं. पण दादा असा खूश, की मांडव उद्याच पडतो की काय असं मला वाटलं.

चहा झाला आणि आकाराम पावण्यांनी विचारलं, पोरगी नेमकं करती काय? मला हेच पाहिजे होतं. पोरगी दिवसभर विषाणूंत हात घालते म्हटल्यावर माणसं चप्पल शोधायला लागतील, असा माझा हिशेब. मग तू सुट्टीत समजावलेलं सगळं सांगायला लागलो. (तेव्हा समजलं होतं. बोलायला लागल्यावर ते कुठं गेलं देव जाणे, आणि देव तर आपण मानत नाही.) म्हटलं, हा विषाणू म्हणजे एक पाहुणा. येताना सामान काही नाही, खिशात फक्त आपल्यासारखे आणखी कसे बनवायचे त्याची चिठ्ठी. पेशीच्या घरात शिरतो, तिच्याच चुलीवर आपली पोरं शिजवून घेतो. घराच्या भिंतीत आपल्या खुंट्या ठोकून ठेवतो. मग ती पोरं आतून त्या खुंट्यांपाशी गोळा होतात, भिंत बाहेर फुगते, आणि भिंतीचाच तुकडा अंगाला लपेटून एकेक जण सुटतो. इथं माझाच गोंधळ उडाला. भिंत म्हणजे मऊ, तेलकट पडदा, हे सांगायचं राहिलं होतं. विटांची भिंत फुगते कशी, असं दादानंच विचारलं. मी घाबरून भिंत सोडली आणि कापड धरलं. म्हटलं, समजा, पाहुणा निघताना घरधन्याचंच कापड अंगावर घेतो, म्हणून बाहेर त्याला कुणी परका म्हणून ओळखत नाही!

नेमका त्याच वेळी दादा आकाराम पावण्यांना आहेराची टोपी घालून खांद्यावर टॉवेल टाकत होता.

त्यांनी टॉवेल काढला, घडी केली, टोपी त्यावर ठेवली. "आमी टॉवेलासाठी आलो न्हाय, पावणं," एवढंच बोलले आणि उठले. मी साबणाचं सांगायला मागे धावलो (साबणानं ते तेलकट कापड विरघळतं आणि विषाणू संपतो), तर त्यांना वाटलं मी त्यांना आंघोळीचं सुचवतोय. दादा माझ्याशी बोलत नाही. पण स्थळ परतलं, तुझं काम झालं. मला आनंद व्हायला हवा, तो काही होत नाही.

तुझा,
भाऊसो

ता. क. – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात प्रसेनजीत एकटाच मोटारसायकलवर आला. भांडायला आला समजून मी घरामागं परड्यात गेलो, तर तो तिथं आला. बापाचा राग उतरेल म्हणाला. मी स्पष्ट सांगितलं, प्रबंध झाल्याशिवाय ती लग्न करणार नाही. तर म्हणतो, "लगनाचं ऱ्हाऊ द्या की काका. पडद्याचा तुकडा तोडून त्यो भाईर पडला, तर मागं भोक का पडत न्हाय, त्ये सांगा." मला कुठलं येतंय? पेशीच ते तोंड आवळून देते असं काहीसं तू म्हणाली होतीस, पण आपल्याच चोराला कोण दार लावून देईल, म्हणून मी बोललो नाही.

ता. क. २ – तेव्हा त्याला उत्तर तूच लिही. खालचा पत्ता माझ्या पेनानं त्यानंच लिहिलाय. मला मुलगा आवडला, हे दादाला सांगू नकोस.

ता. क. ३ – उत्तर कार्डावर मावलं तर स्थळ मोडलंच समजतो. पाकीट लागलं, तर मला आधी कळव.